शेजारणीची म्युटिनी

खुर्ची नावाची वस्तू ज्याने कोणी शोधून काढली, त्याने आमच्या शेजारीणबाईंना नुसतं पाहिलं असतं तरी तो नाद त्याने तिथल्या तिथे सोडून दिला असता. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात, रांगेतल्या घरांत आम्ही बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि तेवढ्या काळात मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहिलं ते फक्त एकदा. चहा त्या आमच्या फ्रीजला पाठ टेकून प्यायच्या. फोनवर बोलताना त्यांच्या घराच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत अशा फेऱ्या घालायच्या की लाकडी जमिनीवर मधोमध एक फिकट पट्टा पडला होता, आणि त्यांचे यजमान नवीन पाहुण्याला तो कौतुकाने दाखवायचे. यजमान स्वभावाने शांत, माझ्यासारखेच चिपच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांनी लग्नानंतर घेतलेला सोफा अजून दुकानातून आणल्यासारखा दिसायचा, कारण त्याच्यावर ते एकटेच बसायचे, आणि तेही डाव्या कोपऱ्यात. एकदा पायाच्या शिरा दुखतात म्हणून बाई हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाला, जरा बसत चला. त्यावर त्यांनी त्यालाच उठवून खिडकीशी नेलं आणि विचारलं, "तुम्ही दिवसभर बसता. तुमची पाठ कशी आहे?" पाठ वाईट होती. तो बिचारा पुढची दहा मिनिटं स्वतःच्या पाठीबद्दल बोलत राहिला, आणि बाई एक व्यायाम शिकवून घरी आल्या.

त्या मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या, आणि पहिली तीन वर्षं घरात बसून काढली असं त्यांच्या कागदपत्रांवर दिसतं. ‘बसून’ हा शब्द अर्थात सरकारी आहे. त्या तीन वर्षांत त्यांनी बसथांब्यावरच्या म्हाताऱ्यांकडून, वाचनालयातल्या बाईंकडून आणि भाजीबाजारातल्या बटाटेवाल्याकडून डच भाषा अक्षरशः ओरबाडून घेतली. मग परीक्षा दिल्या, कोर्टात जाऊन शपथ घेतली आणि सरकारी नोंदवहीत नाव चढवून त्या शपथबद्ध अनुवादक झाल्या. मराठी, इंग्रजी, डच, कुठूनही कुठेही. कोणाचा जन्मदाखला, कोणाची लग्नाची नोंद, कोणाच्या आजोबांच्या जमिनीचा उतारा, सगळं त्यांच्याकडे यायचं. भाषांतराखाली त्या सही करायच्या आणि स्वतःचा गोल शिक्का मारायच्या. शिक्क्यावर ‘हा’ करून श्वास सोडायचा, डोळे मिटायचे, मग तो कागदावर टेकवायचा आणि मनात पाचपर्यंत मोजायचं, असा तो विधी होता. ते पाच अंक मोजताना मात्र त्या अगदी निश्चल असायच्या. मूळ कागदात जे आहे ते सगळं आणलं, पदरचं काही घातलं नाही, असा त्या शिक्क्याचा अर्थ, हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल.

त्यांची शब्द निवडायची पद्धत मात्र शेजाऱ्यांना महागात पडायची. आपण दुकानात शर्ट घालून बघतो, तसा त्या अवघड शब्द चार दिवस अंगावर घालून बघायच्या. शब्दकोश त्यांनी स्वयंपाकघरात डाळींच्या बरण्यांशेजारी ठेवले होते, कारण शब्द शोधायचा तर उभ्यानेच. त्यातल्या जाडजूड कोशाला हिंगाचा कायमचा वास होता. एकदा जमिनीच्या कागदात ‘सामाईक बांध’ आला. डचमध्ये नेमकं काय लिहावं हे ठरेना, तेव्हा त्या टेप घेऊन आमच्या दोन बागांमधल्या कुंपणाच्या झुडपांत शिरल्या आणि ते कुंपण कुठपर्यंत त्यांचं, कुठपर्यंत माझं आणि कुठे दोघांचं यावर त्यांनी मला भर पावसात सव्वा तास उभं केलं. शेवटी एका कागदावर माझी सहीसुद्धा घेतली. तेव्हापासून ते कुंपण दर मे महिन्यात मीच कापतो. दुसऱ्या वेळी एका घटस्फोटाच्या निकालपत्रात ‘पराकोटीचे मतभेद’ असे शब्द होते. तो आठवडा यजमानांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. मीठ जास्त झालं असं म्हणायचीही सोय नव्हती, लगेच मतभेद पराकोटीचा आहे की साधा, याची चौकशी सुरू व्हायची. ते रोज तासभर आधी ऑफिसला निघायला लागले होते.

मग महामारी आली आणि ऑफिसं बंद झाली. यजमान वरच्या खोलीत मीटिंगा करू लागले आणि त्यांच्या पाठीमागून बाई दर चाळीस सेकंदांनी जाताना दिसतात अशी तक्रार थेट दुसऱ्या देशातून आली. लग्नं थांबली, प्रवास थांबले, म्हणून दाखलेही थांबले. कामाविना शेजारीणबाई म्हणजे झाकण न उघडता येणारा कुकर. त्या सकाळी गावाला एक फेरी घालायच्या, दुपारी दुसरी, आणि मनगटावरचं घड्याळ अभिनंदन करून थकलं की आमच्याकडे यायच्या. त्या हिवाळ्यात सरकारने घरटी दिवसाला एकाच पाहुण्याची परवानगी दिली होती. आमचा तो एक पाहुणा कायमचा ठरलेला होता. माझी बायको मेधा जेवणाच्या टेबलावर काम करायची, मी माळ्यावर, आमची नऊ वर्षांची सई जिन्यात बसून शाळा शिकायची, आणि या सगळ्यांच्या मधून शेजारीणबाई कप हातात घेऊन येरझारा घालत विचारायच्या, "काही भाषांतर करायचंय का गं, मेधा? काहीही चालेल. औषधाची चिठ्ठी?" मला खरं सांगायचं तर त्यांचा त्रास व्हायचा. पण एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत की मी माळ्यावरून दोनदा खाली येऊन उगाच खिडकीतून बघायचो.

फेब्रुवारीतल्या एका चिंब सकाळी त्या आल्या त्या चप्पल घालायची विसरून. हातात कागद होते. पुढे मी जे सांगणार आहे त्यातली नावं, जहाज आणि कंपनी गाळली आहेत, कारण बाईंनी नंतर माझ्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही करून घेतली होती, आणि त्यांच्या कागदावर सही करण्याचा काय परिणाम होतो ते मला कुंपणापासून ठाऊक आहे. हकिकत अशी होती. रॉटरडॅमच्या बंदरात एक मालवाहू जहाज उभं होतं. त्यावर आपल्या कोकणातले सहा खलाशी होते. त्यांचा करार संपून कित्येक महिने झाले होते, पण विमानं बंद, बंदरं बंद, बदली माणसं मिळत नाहीत म्हणून कंपनी दर वेळी मुदतवाढीचा कागद पुढे करायची आणि ते सही करायचे. अकरा महिने पायाला जमीन लागली नव्हती. चौथ्यांदा कागद आला तेव्हा सहाही जण नाही म्हणाले. त्यावर कंपनीने इंग्रजीत पत्र लिहिलं आणि त्यात शब्द वापरला: म्युटिनी.

"म्हणजे बंडच ना?" मी म्हटलं.

"थांबा, भावजी. इतकं सोपं असतं तर मी अशी अनवाणी आले असते का?"

त्यांनी मला शब्द समजावून सांगितला. रिबेलियनला मुलूख लागतो, रिव्होल्ट करवाढीविरुद्ध एखादं गावही करतं, पण म्युटिनी करायला तुम्ही कोणाच्या तरी हुकमाखाली असावं लागतं. म्हणजे पलटणीत किंवा जहाजावर. एकट्याने करता येत नाही, किमान दोघांनी ठरवून करावी लागते. आणि वर्तमानपत्रं हा शब्द कुठल्याही क्लबच्या भांडणाला लावत असली, तरी जहाजावर त्याचं वजन निराळं. तो एकदा चौकशीच्या कागदावर पक्का झाला की खलाशाचं नोकरीचं पुस्तक गेलं. परत कुठलंही जहाज त्याला घेणार नाही, शिवाय तुरुंगाची भीती वेगळीच. "आपण शाळेत सत्तावनचा उठाव म्हणून शिकलो ना?" त्या म्हणाल्या. "इंग्रजांच्या पुस्तकात तीच म्युटिनी. लिहिणारा कोण यावर सगळं असतं." आता लिहिणाऱ्या त्याच होत्या. खलाशांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या वकीलबाईंनी त्या सहा जणांना आपापल्या भाषेत जबानी लिहून द्यायला सांगितलं होतं आणि तिचं इंग्रजी करायचं काम शेजारीणबाईंकडे आलं होतं.

पाच जणांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. सहावी जबानी बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची होती. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला. शेवटी लिहिलं होतं: ‘तरी आम्ही खाली सह्या करणाऱ्या सहा इसमांनी एकजुटीने बंड पुकारले, हे आपणांस नम्रपणे विदित व्हावे.’ खाली सहा सह्या.

तो आख्खा पंधरवडा बाईंनी म्युटिनी अंगावर घालून काढला. सईने शाळेच्या वेळी कॅमेरा बंद केला आणि डचमध्ये ‘मी आज शिकणार नाही’ असं जाहीर केलं, तेव्हा मेधा वैतागली, पण बाई जिन्याशी उभ्या राहून गंभीरपणे म्हणाल्या, "एकटीच आहे ना? मग म्युटिनी नाही. नुसता हट्ट." सुपरमार्केटमध्ये माणशी एक ढकलगाडी असा नियम होता. दोन म्हाताऱ्या एकाच गाडीला धरून आत शिरल्या आणि दारावरच्या माणसाने हटकलं तरी थांबल्या नाहीत. शेजारीणबाई त्यांच्या मागोमाग चीजपासून साबणापर्यंत फिरल्या. दोघी आहेत, ठरवून केलंय, पण त्या दारावाल्याच्या हुकमाखाली आहेत का, हा प्रश्न त्यांना सुटेना, म्हणून शेवटी त्यांनी तो म्हाताऱ्यांनाच विचारला. त्यांनी दीड मीटरवरून एक पेपरमिंटची गोळी फेकली. आणि एकदा मी जेवताना सहज बोलून गेलो की आमच्या टीममधल्या चौघांनी ठरवून साहेबाच्या शुक्रवारच्या मीटिंगला दांडी मारली, तेव्हा बाईंचे डोळे असे लकाकले की माझा घास अडकला. "हुकमाखाली आहात. चौघं आहात. संगनमत आहे. भावजी, तुमची म्युटिनी बसते हं!" त्यानंतर सहा महिने मी त्या मीटिंगला पाच मिनिटं आधी हजर राहायचो.

पण हसणं वरवरचं होतं. त्यांचं खाणं सुटलं होतं. रोज दुपारी त्या यायच्या आणि त्याच वाक्याशी अडायच्या. एक दिवस मी म्हटलं, "ताई, लिहून टाका ना, कामाला नकार दिला म्हणून. कोण बघतंय?"

त्या थांबल्या. फेऱ्या मारताना अशा मध्येच थांबायच्या नाहीत कधी.

"त्याने बंड लिहिलंय, भावजी. एकजुटीने लिहिलंय. पुकारलं लिहिलंय. मी त्याचा नकार केला तर खाली शिक्का कशाचा मारू? आणि कंपनीने उद्या दुसऱ्या कोणाला तोच कागद दाखवला तर? सगळे म्हणतील, यांचं भाषांतरही खोटं, म्हणजे माणसंही खोटी."

"मग म्युटिनी लिहा."

"ते लिहिलं तर सहा घरांच्या चुली माझ्या हाताने विझल्या," त्या म्हणाल्या, आणि कप तसाच ठेवून निघून गेल्या.

शेवटी त्यांनी म्युटिनीच लिहिलं. शिक्का मारला तेव्हा मी समोर होतो. पाचपर्यंत मोजून झाल्यावरही त्यांनी हात बराच वेळ उचलला नाही. कागदासोबत त्यांनी वकीलबाईंना एक चिठ्ठी पाठवली की लिहिणाऱ्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावं, एवढीच माझी विनंती आहे. वकीलबाई भल्या होत्या. त्यांनी व्हिडिओ कॉल ठरवला आणि दुभाषी म्हणून बाईंनाच बोलावलं. बाईंच्या घरचं इंटरनेट यजमानांच्या मीटिंगांनी व्यापलेलं, म्हणून कॉल आमच्या जेवणाच्या टेबलावरून झाला. जहाजावरचं चित्र सारखं गोठायचं, ते सांभाळायला तांत्रिक मदतनीस म्हणून वकीलबाईंच्या परवानगीने मला बसवलं. गुप्ततेच्या कागदावरची सही ती हीच.

दुभाष्याचं काम म्हणजे नळीसारखं असतं, असं त्यांनी मला आधी बजावून सांगितलं. इकडून आलेलं तिकडे सोडायचं, तिकडचं इकडे. स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही, प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही. विचारायचा अधिकार वकिलांचा. मग त्या खुर्चीवर बसल्या. मी तुम्हाला म्हटलं ना, फक्त एकदा पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, म्हणजे ते आपलं आपण काही करणार नाहीत.

पडद्यावर एका चौकोनात वकीलबाई होत्या. दुसऱ्यात कंपनीचा माणूस, पण त्याने कॅमेरा बंद ठेवला होता. तिसऱ्यात जहाजावरची जेवणाची खोली, त्यात पुढे बोसन बसलेला, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. त्याच्या मागे एप्रन बांधलेला एक पन्नाशीचा माणूस उभा होता. तो भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, त्या सहांपैकीच एक. वकीलबाईंनी कराराच्या तारखा विचारल्या, बाईंनी मराठी केलं, उत्तराचं इंग्रजी केलं. आवाज इतका सपाट की मला ओळखू येईना. मग कंपनीच्या माणसाने काळ्या चौकोनातून एकच प्रश्न विचारला. बाईंनी तो जसाच्या तसा पुढे दिला, "तुम्ही बंड केलं का?"

बोसन ताठ झाला. "होय. केलं. सहा जणांनी. एकजुटीने."

बाईंनी इंग्रजीत सांगितलं: होय, आम्ही म्युटिनी केली, सहा जणांनी, एकत्र. एक शब्द कमी नाही. काळ्या चौकोनातून ‘धन्यवाद, माझं काम झालं’ असं आलं. वकीलबाईंनी चष्मा काढला, कपाळ चोळलं आणि अजून कोणाला काही सांगायचंय का, असं विचारायचं म्हणून विचारलं. त्यावर मागचा भंडारी पुढे वाकला आणि अपराधी आवाजात म्हणाला, "बाय, माका जाऊक व्हया. कप्तानाच्या जेवणाची वेळ झाली."

बाईंनी त्याचं इंग्रजी केलं. केलं आणि तिथे थांबायला हवं होतं. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचे हात मांड्यांखालून सुटले, त्या उठून उभ्या राहिल्या, आणि बारा वर्षांत त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली माहेरची बोली बाहेर पडली, "आणि त्या दिवशी? बंडाच्या दिवशी कप्तानाक जेवाण कोणी दिल्यान?"

"मियाच!" भंडारी चकित होऊन म्हणाला. "दुसरो कोण देतलो? तेका आमचा तिखट सोसणा नाय, तेचा सार मी कायम वेगळा करतंय. तेका उपाशी ठेवतलंव काय?"

पुढचं आवरणं कोणाच्याच हातात नव्हतं. बाई इंग्रजी करत होत्या आणि बोसन बोलत सुटला होता. सकाळी सातला सहाही जण कप्तानाच्या खोलीत गेले, टोप्या काढल्या, साहेब, या वेळी सही होणार नाही, म्हणून सांगितलं. नंतर जेवणाच्या खोलीत येऊन बसले. वारा वाढला, दोर सैल पडले, म्हणून उठून दोर आवळले. पुन्हा बसले. दुपारी बसून बसून कंटाळा आला, तेव्हा पुढच्या डेकवरचा गंज खरवडला. वकीलबाईंनी घाईघाईने चष्मा लावला आणि विचारलं, मग तुम्ही नेमकं काय नाकारलंत?

"सही," बोसन म्हणाला. "कागदावरची."

"मग बंड कशाला लिहिलंत?"

बोसन जरा लाजला. "सरकारी कागद होता, मॅडम. नुसतं ‘सही केली नाही’ लिहिलं असतं तर कोणी वाचलंच नसतं. जरा वजनदार लिहिलं."

बाईंनी तेही इंग्रजीत सांगितलं. मग श्वास घेतला आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या की जेवणाचा प्रश्न दुभाषीने स्वतःहून विचारला आहे, तो तिचा अधिकार नव्हता, याची कृपया नोंद घ्यावी. तेव्हा त्या काळ्या चौकोनातला कॅमेरा पहिल्यांदा उघडला, एक तांबूस चेहरा दिसला, आणि त्याने हरकत घेतली. घेणारच. कॉल तिथेच संपवण्यात आला.

बाईंना त्या प्रकरणातून काढलं. हूफडॉर्पहून दुसरा दुभाषी आणला, सगळे प्रश्न रीतसर वकिलांनी पुन्हा विचारले, आणि भंडाऱ्याने पुन्हा तेच सांगितलं, अगदी साराच्या तिखटासकट. कप्तानानेही जेवणाची आणि दोरांची गोष्ट मान्य केली. माणूस वाईट नसावा. चौकशीच्या अहवालात शेवटी ‘मुदतवाढीच्या करारावर सही करण्यास नकार’ एवढंच लिहिलं गेलं. तीन आठवड्यांत सहाही जण विमानाने घरी गेले, आणि सहांचीही पुस्तकं शाबूत राहिली. हे आम्हाला वकीलबाईंनी कळवलं तेव्हा मेधा रडली आणि मी माळ्यावर जाऊन डोळे पुसून आलो.

शेजारीणबाई मात्र तोपर्यंत वेगळ्याच कामाला लागल्या होत्या. कंपनीने तक्रार करायच्या आधीच त्यांनी स्वतःची तक्रार स्वतः लिहून नोंदवहीच्या कार्यालयाला पाठवली होती. कार्यालयाचं उत्तर सौम्य होतं. समज दिली आहे, पुढे काळजी घ्यावी, नाव कायम आहे. आम्ही म्हटलं, सुटलात. त्यावर त्यांनी नाव काढून टाकण्याचा अर्ज केला आणि शिक्का कागदात गुंडाळून परत धाडला. मी भडकलो. आयुष्यात एवढा भडकलो नव्हतो. म्हटलं, "कोणी काढलंय का तुम्हाला? वीस वर्षांची मेहनत आहे. चार शब्द जास्तीचे बोललात, त्याने सहा माणसं वाचली. ही कसली ऐट?"

"ऐट नाही हो, भावजी," त्या फ्रीजला टेकून म्हणाल्या. डोळे भरले होते, पण बाईंनी ते लपवले नाहीत. "मला खूप वाईट वाटतंय. त्या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही. पण उद्या परत अशी वेळ आली तर मी परत विचारणार. शंभरदा विचारणार. हे मला पक्कं माहीत असताना, पदरचं काही घालणार नाही असं सांगणारा शिक्का मी कसा ठेवू? तो पहिल्या दिवसापासून खोटा होईल." त्यांना हुकूम एकच होता, तोही त्यांनी स्वतः शपथ घेऊन मानलेला, आणि तो मोडल्याची सगळी किंमत त्यांनी एकटीने भरून टाकली. त्यांच्या नियमाप्रमाणे एकट्या माणसाची म्युटिनी होत नाही. मी त्या वेळी तसं म्हणालोही, पण त्या हसल्या नाहीत.

मे महिन्यात यजमानांना नायमेखनला नोकरी मिळाली आणि त्यांनी घर विकायला काढलं. शेवटच्या आठवड्यात सामान बांधून झालं होतं, स्वयंपाकघर रिकामं, म्हणून त्या दिवसभर आमच्याकडेच होत्या. सकाळपासून फक्त चहावर होत्या; मेधा दोनदा जेवायला ये म्हणाली, तर ‘भूक नाही गं’ म्हणून त्या खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहिल्या. दुपारी त्यांचा फोन वाजला. भारताचा नंबर. वकीलबाईंनी त्यांच्या परवानगीने भंडाऱ्याला तो दिला होता. प्रकरण कधीच मिटलेलं, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती. त्यांनी स्पीकर लावला, कारण मागे कोंबड्यांचा इतका कलकलाट होता की एका कानाला ऐकू येत नव्हतं.

भंडारी घरी पोचला होता. गावच्या शाळेत विलगीकरणात चौदा दिवस काढले, शाळेच्या खिडकीतून स्वतःच्या घराचं छप्पर दिसत होतं, असं सांगून तो खूप हसला. अहवाल, वकील, कंपनी यातलं त्याने काहीच काढलं नाही. बाईंचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं आणि आम्ही कोणी सांगितलंही नाही. त्याला दुसरंच काही सांगायचं होतं. "बाय, अकरा म्हयने मी रोज तीन वेळा रांधलंय. जेवणाचा कोणी इचारूक नाय. तू इचारलंस. घरी इलंय तेव्हा बायलेक पयला ताच सांगितलंय."

बाई खिडकीशी थांबल्या होत्या. मग कोकणात कोणीही कोणालाही विचारतं तसं त्याने सहज विचारलं, "तू जेवलंस?"

"जेवलंय," शेजारीणबाई म्हणाल्या. "पोटभर जेवलंय हां. तुमी जेवा आता."

बारा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं. फोन ठेवल्यावर मेधाने न विचारता ताट वाढलं, आणि त्या उभ्या उभ्याच जेवल्या.